थांबलेली फर्नेस

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात घरोघरीच्या फर्नेसची दुरुस्ती करणे हा माझा व्यवसाय आहे. आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या ज्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरतो, त्या रात्री घरातील ऊब अकस्मात नाहीशी झालेल्या माणसांच्या दारात जाऊन उभे राहण्याचे प्रसंग इतके आले आहेत की, थंडीच्या भयाने शहाण्यासुरत्या माणसाचा विवेकही कोणत्या क्रमाने ढळत जातो, याचा एक अभ्यासच मला घडला आहे. त्या अभ्यासातून माझ्या मनात पक्की झालेली गोष्ट ही की, थंडी कितीही निष्ठुर असली तरी ती मुदत देते. भिंती, जमिनी, सामानसुमान यांत मुरलेली उष्णता निघून जाऊन घर खरोखर गारठायला बहुधा कित्येक तास लागतात, आणि तेवढ्या अवधीत पुष्कळ काही करता येते. उलट, त्या थंडीतून तत्काळ सुटका व्हावी म्हणून माणसे घाईघाईने ज्या उपायांचा आश्रय करतात, त्यांपैकी काही उपाय मात्र कसलीही मुदत न देता प्राण घेतात. म्हणून फर्नेस बंद पडली असता ती सुरू कशी करावी हा प्रश्न दुसरा. ती कोणत्या कारणाने थांबली हा पहिला.

महाराष्ट्रातील वाचकांस या यंत्राचा परिचय असण्याचे कारण नाही, यास्तव थोडा तपशील देणे अगत्याचे आहे. येथील बहुतेक घरांच्या तळघरात पत्र्याचे एक उभे यंत्र असते. त्यात नैसर्गिक वायू जळतो, त्या ज्वाळांनी एक बंदिस्त पोलादी कोठी तापते, आणि पंख्याने त्या कोठीच्या अंगावरून ढकललेली घरातील हवा ऊन होऊन पत्र्याच्या मार्गांनी खोल्याखोल्यांत पोहोचते. ज्वाळांचा धूर कोठीच्या आतून आणि माणसांच्या श्वासाची हवा कोठीच्या बाहेरून, अशी या दोन प्रवाहांची कायमची फारकत हा साऱ्या रचनेचा प्राण होय. भिंतीवरील थर्मोस्टॅटने उष्णता मागितली म्हणून वायू लागलीच सोडला जात नाही. प्रथम धूर बाहेर ओढणारा एक लहान पंखा फिरू लागतो. त्या धुराची वाट मोकळी आहे अशी दाबावर चालणाऱ्या स्विचकडून खातरजमा होते. मग विजेने तापणारी एक कांडी लालभडक होते, तेव्हा कुठे वायूची झडप उघडते. आणि ज्वाळा खरोखरीच लागली आहे याची साक्ष, त्या ज्वाळेतून वाहणाऱ्या काही मायक्रोअँपिअर इतक्या सूक्ष्म प्रवाहाच्या आधारे, धातूच्या एका सळईने द्यावी लागते. काही सेकंदांत ती साक्ष मिळाली नाही तर झडप मिटते. पुढे कोठी प्रमाणाबाहेर तापली तर आणखी एक स्विच वायू तोडतो. या साक्षीदारांपैकी एकाने जरी नकार दिला तरी यंत्र थांबते, आणि गृहस्वामी फोनवर सांगतो की फर्नेस बिघडली. माझा अनुभव असा की, त्या वेळी तिने पुष्कळदा आपले कर्तव्यच बजावलेले असते.

ही दृष्टी मला ऑन्टारिओने दिलेली नाही. ती मी येताना बरोबर आणली. इकडे येण्यापूर्वी मी सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्यात नोकरीस होतो, आणि 1923 च्या बॉयलर कायद्याखाली होणारी परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंटचा दाखला मिळवला होता. गळीत हंगामात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, रात्रंदिवस धगधगणाऱ्या त्या बॉयलरांपुढे आमचे फोरमन, ज्यांना सारे खाते अण्णा म्हणत असे, नव्या पोराला पहिला धडा देत तो सेफ्टी व्हॉल्व्हचा. निरीक्षकाने ठरवून दिलेल्या दाबाला व्हॉल्व्ह उडाला आणि वाफ गर्जत बाहेर पडू लागली की, वाफ फुकट जाते म्हणून हळहळणाऱ्यास ते म्हणत, ‘‘बाळा, तो उडाला म्हणून तू उभा आहेस. दाब का चढला ते आधी बघ.’’ पुढे येथे टेक्निकल स्टँडर्ड्स अँड सेफ्टी ऑथॉरिटी या संस्थेचा परवाना मिळवताना, म्हणजे प्रथम जी-3 दर्जाचा, ज्याच्या धारकाने वरिष्ठाच्या देखरेखीखालीच काम करायचे, आणि नंतर जी-2 दर्जाचा, ज्याच्या बळावर ताशी 4 लाख बीटीयू या उष्णतेच्या एककांपर्यंतची उपकरणे स्वतंत्रपणे हाताळता येतात, मी पुष्कळ नवी कलमे आणि कोष्टके पाठ केली. तथापि त्या सर्वांच्या मुळाशी अण्णांचे ते वाक्यच मला दिसत राहिले. किंबहुना, घर तापवण्याच्या यंत्राचा इतिहास हा ते यंत्र स्वतःला आवरण्यास कसे शिकले याचाच इतिहास आहे. 1885 साली मिनियापोलिस येथे अल्बर्ट बट्झ याने, खोलीतील उष्णता पाहून कोळशाच्या भट्टीची हवेची झडप आपोआप उघडेल व मिटेल अशी रचना केली. 1919 साली न्यू जर्सीतील अ‍ॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीने वायूवर चालणाऱ्या आणि निरनिराळ्या खोल्यांस स्वतंत्रपणे उष्णता पुरवणाऱ्या योजनेचे पेटंट घेतले. आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी एकामागून एक पहारेकरी बसवत आजच्या यंत्रापर्यंत मजल मारली.

आता, फर्नेस थांबली असता दुरुस्तीवाल्यास बोलावण्यापूर्वी घरच्या माणसाने काय पाहावे, ते सांगतो. घरात कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर काहीही पाहू नये. मूळच्या वासहीन वायूत तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, आणि तो आल्याबरोबर विजेच्या एकाही बटणास हात न लावता सर्वांनी बाहेर पडून, बाहेरूनच वायू पुरवणाऱ्या कंपनीस वा अग्निशामक दलास फोन करावा. तसा वास नसेल तर प्रथम थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या पाहाव्यात. नंतर तळघराच्या जिन्यापाशी असलेले फर्नेसचे बटण पाहावे, कारण ते दिव्याच्या बटणासारखेच दिसते आणि पाहुण्याच्या वा मुलाच्या हातून सहज बंद होते. विजेच्या पेटीतील ब्रेकर पाहावा; यंत्राचे झाकण नीट बसले आहे ना हे पाहावे, कारण झाकण सैल असले तर यंत्र चालू नये अशी त्यात योजना असते. आणि सर्वांत अधिक महत्त्वाचे म्हणजे फिल्टर पाहावा. महिनोन्‌महिने न बदललेला फिल्टर धुळीने व पाळीव जनावरांच्या केसांनी गच्च झाला की कोठीवरून पुरेशी हवा जात नाही, कोठी अवाजवी तापते, आणि उष्णतेचा पहारेकरी वायू तोडतो. पंखा मात्र फिरतच राहतो, त्यामुळे झरोक्यांतून गार वारा येऊ लागतो व माणसे घाबरतात. थोडक्या डॉलरांचा तो पुठ्ठ्याच्या चौकटीतील कागदी पडदा वेळेवर बदलण्याचा शिरस्ता ठेवला असता तर माझ्या मध्यरात्रीच्या कित्येक फेऱ्या वाचल्या असत्या, आणि त्या कुटुंबांचा पैसाही.

बाहेरची बाजूही पाहायला हवी, आणि तीच बहुतेकजण विसरतात. अलीकडच्या उच्च कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये धूर इतका निवलेला असतो की त्याला चिमणीची गरज लागत नाही. घराच्या बाजूच्या भिंतीतून प्लॅस्टिकच्या दोन नळ्या बाहेर काढलेल्या असतात, एक हवा आत घेणारी व दुसरी धूर बाहेर सोडणारी. ग्वेल्फ शहरात एका वादळानंतरच्या सकाळी एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी मला बोलावले. फर्नेस पेटण्याचा प्रयत्न करी आणि पेटण्यापूर्वीच थांबे. आतल्या सर्किट बोर्डवरील लहान दिवा ठराविक लयीत मिचकावून दाबाच्या स्विचकडे बोट दाखवत होता. मी घराला वळसा घालून गेलो, तो वाऱ्याने लोटलेल्या बर्फाचा कंबरभर ढीग त्या भिंतीशी साचलेला, आणि दोन्ही नळ्या त्याच्या पोटात. फावड्याने दूरचा बर्फ काढला, नळ्यांजवळचा हातमोज्यांनी उपसला, आणि आत येऊन बटण बंद करून पुन्हा लावले, तशी फर्नेस निमूटपणे पेटली. बाई वारंवार म्हणत होत्या की, या यंत्राने ऐन वेळी दगा दिला. मी त्यांना खाली नेऊन तो लहानसा स्विच दाखवला आणि सांगितले की, याने रात्रभर धूर घरात येऊ दिला नाही. त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

असा पहारेकरी नसला म्हणजे काय होते, याचे दुःखद उदाहरण या प्रांताने पाहिलेले आहे. 2008 साली वुडस्टॉक गावी एका घरातील वायूवर चालणाऱ्या फायरप्लेसची धूर बाहेर जाण्याची वाट बुजली. घरात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण नव्हते. आणि आई, वडील व दोन मुले असे सारे कुटुंब त्या विषारी वायूने मृत्यू पावले. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो; डोके दुखणे, मळमळणे, गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे माणसे सर्दीतापाची समजतात आणि अंथरुणावर पडतात. त्या कुटुंबाच्या आप्ताने, जे स्वतः निवृत्त अग्निशामक होते, नेट धरून पाठपुरावा केला, आणि 2013 साली प्रांतिक विधिमंडळाने त्या कुटुंबाच्या नावाने कायदा संमत केला. त्या अन्वये 2014 च्या ऑक्टोबरपासून, इंधन जाळणारे उपकरण असलेल्या घरांत झोपण्याच्या जागांलगत इशाऱ्याचे उपकरण बसवणे बंधनकारक झाले. योगायोग असा की, कायदा संमत झाल्याच्या थोड्याच दिवसांत, 2013 च्या नाताळाच्या तोंडावर, टोरोंटो व आसपासच्या मुलखावर गोठणाऱ्या पावसाचे मोठे वादळ आले, लाखो घरांची वीज गेली, आणि विजेअभावी फर्नेसही थांबल्या. तेव्हा लोकांनी अंगणात वापरायच्या कोळशाच्या शेगड्या व पेट्रोलवरचे जनरेटर घरात, गॅरेजात आणून लावले, आणि विषबाधेच्या घटनांनी अग्निशामक दलाची धावपळ उडाली. जेथे थंडीने कोणी दगावले नसते, तेथे थंडीवरच्या उपायाने दगावण्याची पाळी आली.

ब्रॅम्प्टन शहरातील एका तळघरात मी पाहिलेला प्रसंग याच जातीचा होता. शिक्षणासाठी आलेली चार मुले तेथे भाड्याने राहत होती. दोन जळगावकडची, एक लातूरचा, एक गुजरातेतला. वरच्या मजल्यावरील घरमालक गावाला गेलेला. फर्नेस थांबली तेव्हा मुलांनी खिडक्यांच्या फटींना प्लॅस्टिक चिकटवले, दाराखाली टॉवेल कोंबला, आणि गॅसच्या चुलीचे चारही बर्नर पेटवून भोवती अंथरुणे घातली. मी आत पाऊल टाकले तेव्हा एक मुलगा कपाळ दाबून बसला होता. मी अवजारांची पेटी खाली ठेवण्यापूर्वी चुली बंद केल्या आणि दार सताड उघडले. लातूरचा मुलगा काकुळतीने म्हणाला, ‘‘काका, दार नका ना उघडू, मोठ्या मुश्किलीने जरा ऊब आलीय.’’ त्या चौघांना मी कोट घालून बाहेर व्हरांड्यात उभे केले, तेथूनच 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला, आणि अग्निशामक दलाने मोजमाप करून हवा शुद्ध झाल्याचे सांगेपर्यंत कोणास आत जाऊ दिले नाही; कपाळ दाबून बसलेल्यास त्यांनी प्राणवायू देऊन इस्पितळात नेले, आणि तो सुखरूप परत आला. भिंतीवर इशाऱ्याचे उपकरण होते, परंतु त्यातील बॅटरी काढलेली होती. फर्नेसचा दोष म्हणाल तर केवळ एवढाच, की घरातील हवा परत ओढून घेणाऱ्या जाळीपुढे मुलांच्या बॅगा व गाद्या रचलेल्या होत्या. त्या हलवल्या आणि यंत्र निवल्यावर चालू झाले. मुलांना मी रागावलो नाही. ज्याने आयुष्यात कधी घर तापवण्याचे यंत्र पाहिले नाही, त्याला हे कोणी सांगायचे? ते त्यांना राहण्याची जागा देणाऱ्याने सांगायला हवे होते, आणि आपल्या लोकांनीही सांगायला हवे होते.

मला संताप येतो तो जाणत्या माणसाच्या कृत्याचा. एका घरात मला असे आढळले की, पूर्वी येऊन गेलेल्या कोणा कारागिराने दाबाच्या स्विचच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडून तो स्विच बाद केला होता, म्हणजे धुराची वाट मोकळी असो वा बुजलेली असो, यंत्राला होकारच मिळावा. घरातील माणसे त्या कारागिराचे गुण गात होती, कारण त्याने थोडक्या पैशांत, अर्ध्या तासात फर्नेस सुरू करून दिली होती. साक्षीदाराचे तोंड बांधून मिळवलेल्या त्या उबेत एक तान्हे मूल झोपत होते. ती तार मी तोडली, खरे कारण शोधले, आणि घरच्यांपुढे त्याचा खुलासा केला. परंतु त्या रात्री गाडी चालवत परतताना माझे मन फार अस्वस्थ होते. या धंद्यात याहून मोठा गुन्हा मी जाणत नाही.

तरीही सर्वांत कठीण काम निराळेच आहे, आणि त्याविषयी आमच्यापैकी कोणी फारसे बोलत नाही. पोलादी कोठी वर्षानुवर्षे तापून व निवून कधी तरी तडकते; मग पंखा सुरू होताच ज्वाळा डळमळते, आणि आतला धूर घरातील हवेत मिसळण्याचा मार्ग खुला होतो. असा दोष आढळला आणि त्यापासून तत्काळ धोका असला, तर परवानाधारकाने त्याच क्षणी वायू बंद करून यंत्रावर लाल चिठ्ठी बांधावी, आणि तसा अहवाल द्यावा, असा येथील नियम आहे. त्यात मला कसलीही मुभा नाही. मिसिसॉगातील एका जुन्या घरात एक वृद्ध दांपत्य राहत होते. तक्रार एवढीच होती की फर्नेस मधूनमधून थांबते. मी ज्वाळेकडे पाहिले, पंखा लागताच ती पिवळी होऊन एका बाजूस झुकली. कॅमेऱ्याची नळी आत घालून पाहिले, तर कोठीच्या वळणावर बोटभर चीर. उपकरणाने हवा तपासली, आणि संशयास जागा उरली नाही. बाहेर शून्याखाली बावीस अंश. आजोबा जिन्याच्या पायरीवर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी झडप बंद केली आणि चिठ्ठी बांधू लागलो, तेव्हा ते हळूच म्हणाले की, सकाळपर्यंत चालू ठेवा, सकाळी मी मुलाला बोलावतो, माझ्या पत्नीला संधिवात आहे. त्यांच्या म्हणण्यात अयोग्य असे काही नव्हते. इतकी वर्षे चाललेले यंत्र आणखी एक रात्र का चालणार नाही, याचे त्यांना समजेल असे उत्तर देणे अवघड होते. आणि मी खरोखर उबेतल्या घरात आलो होतो व गारठणारे घर मागे ठेवून जाणार होतो, हेही खोटे नव्हते.

अशा वेळी केवळ नियमाचे कलम दाखवून निघून जाणे मला मान्य नाही. चिठ्ठी बांधणे हे कायद्याने लादलेले काम आहे, परंतु चिठ्ठीनंतरची रात्र कशी निभावेल याची तजवीज करणे हेही त्याच कामाचा भाग आहे, असे मी मानतो आणि माझ्या हाताखालच्या मुलांना तसेच शिकवतो. त्या रात्री मी गाडीतील दोन विजेचे हीटर आणले. येथील नेहमीच्या सर्किटवर 1500 वॉटचा एकच हीटर सुखरूप चालतो, म्हणून दोन्ही निरनिराळ्या सर्किटांवर, एक्स्टेन्शन न वापरता सरळ भिंतीतील सॉकेटमध्ये लावले, आणि पडदे व अंथरूण यांपासून मीटरभर अंतरावर ठेवले. दोघांचा बिछाना एकाच लहान खोलीत हलवला, इतर दारे लावली, खिडकीवर जाड रग टांगली. मग पाण्याचा बंदोबस्त. हे फार थोड्यांच्या ध्यानात येते, पण थंड पडलेल्या घरात माणसांनंतर सर्वांत मोठी जोखीम पाण्याच्या नळांना असते; गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, बाहेरच्या भिंतीतील नळ त्या दाबाने फुटतो, आणि फुटल्याचे समजते ते बर्फ वितळून तळघरात पाणी साचल्यावर. म्हणून स्वयंपाकघरातील सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवून आतल्या नळांना खोलीची हवा लागू दिली, लांबच्या तोट्या बारीक धारेने चालू ठेवल्या, आणि मीटरजवळची पाण्याची मुख्य तोटी कोठे आहे ते आजोबांना हात लावून दाखवले. शेजारच्या पंजाबी कुटुंबाचे दार ठोठावून सांगितले की, मध्यरात्री एकदा चौकशी करा. ती माऊली लगेच चहाचा थर्मास घेऊन आली. मुलाला फोन लावून नव्या यंत्राची व्यवस्था ठरवली. निघताना आजोबांनी माझा हात हातात घेतला, परंतु माझ्या निर्णयाशी ते सहमत झाले असे मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नवी फर्नेस बसली. जुनी कोठी बाहेर काढल्यावर उजेडात ती चीर मी त्यांना दाखवली. तिच्यातून माझा स्क्रूड्रायव्हर आरपार गेला.

या मुलखात मराठी माणसे आता पुष्कळ आहेत, आणि दर वर्षी नवी येत आहेत. मराठी मंडळांच्या दिवाळीच्या कार्यक्रमांत नव्याने आलेल्या कुटुंबांचे स्वागत होते, नोकरी, शाळा, बँक यांविषयी मार्गदर्शन होते. त्यातच पंधरा मिनिटे फर्नेसचे बटण, फिल्टर, बाहेरच्या नळ्या आणि इशाऱ्याचे उपकरण यांसाठी काढावीत, अशी माझी सर्व मंडळांच्या चालकांस विनंती आहे. माझ्यासारखा कोणी ना कोणी कारागीर प्रत्येक शहरात सापडेल आणि आनंदाने येईल. आणि ज्या आईवडिलांची मुले या थंड प्रदेशात भाड्याच्या खोलीत राहत आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर जेवणाखाण्याच्या चौकशीबरोबर एवढे अवश्य विचारावे, की तुझ्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण आहे का, आणि त्याचे बटण दाबून ते वाजते का. वाजत नसेल तर फोन ठेवल्यावर त्याच दिवशी मुलाने बॅटरी आणावी.